मैलापाण्यातून साथीचा माग: पहिल्यांदा नमुना घ्यायला निघणाऱ्यांसाठी

पोलिओच्या विषाणूची लागण झालेल्या साधारण दोनशे मुलांमध्ये एखाद्यालाच लुळेपणा येतो. बाकीची मुलं खेळत-बागडत असतात आणि कित्येक आठवडे त्यांच्या शौचावाटे विषाणू बाहेर पडत राहतो. दवाखान्यात बसून वाट पाहिली, तर दोनशेतलं ते एक मूल लुळं पडल्यावरच आपल्याला कळणार. गटारात मात्र त्या दोनशेही जणांचा हिशेब असतो.

म्हणून २००१ मध्ये मुंबईत मैलापाण्याचे नमुने घेऊन पोलिओ शोधायला सुरुवात झाली. परळला हाफकिनच्या आवारातल्या एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटरने हे काम उभं केलं. देशातला वाइल्ड पोलिओचा (लशीतला नव्हे, निसर्गात आपोआप पसरणाऱ्या विषाणूचा) शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आजारी पडला. मैलापाण्यात तो विषाणू शेवटचा सापडला होता त्याच्या थोडं आधी, नोव्हेंबर २०१० मध्ये, मुंबईत. त्यानंतर रुग्णही नाही आणि गटारातही काही नाही, असं दोन्ही बाजूंनी दाखवता आलं. २७ मार्च २०१४ ला भारतासह आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, त्यात या बाटल्यांचा वाटा मोठा आहे.

कोविडच्या काळात हीच पद्धत जगभर पसरली. नेदरलँड्समधल्या आमर्सफोर्ट शहरात मार्च २०२० मध्ये रुग्णांची नोंद होण्याच्या काही दिवस आधी मैलापाण्यात विषाणू सापडला होता. आपल्याकडे अहमदाबाद, हैदराबाद, बंगळूर, पुणे अशा शहरांत हे काम झालं. आता मायक्रोबायोलॉजी शिकणारी मुलंमुली, पालिकेचे कनिष्ठ अभियंते, आरोग्य खात्यातले साथरोगाचं काम बघणारे लोक मला विचारतात, सुरुवात कुठून करायची? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मशीन कोणतं घ्यायचं, हा प्रश्न बहुतेक जण पहिला विचारतात. माझ्या मते तो शेवटून दुसरा आहे.

आधी प्रश्न ठरवा

"सगळे विषाणू शोधू" म्हणून निघालात तर काहीच हाती लागणार नाही. एका वाक्यात लिहून काढा: कोणता रोग, कोणत्या भागात, आणि उत्तर मिळालं तर कोण काय करणार?

हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. २०२२ मध्ये लंडनच्या बेकटन मैलापाणी केंद्रात पोलिओचा टाइप २ विषाणू (पोलिओच्या तीन प्रकारांतला दुसरा) वारंवार सापडला. एकही मूल लुळं पडलेलं नव्हतं, तरी ऑगस्टमध्ये लंडनमधल्या १ ते ९ वर्षांच्या सगळ्या मुलांना लशीचा जादा डोस द्यायचं ठरलं. उत्तर आलं की काय करायचं, याची वाट तिथे आधीच आखलेली होती. तुमच्या गावात ती वाट नसेल, तर नमुने घेण्याआधी आरोग्य अधिकाऱ्यांसोबत एक बैठक करा.

रोग निवडताना तो शौचावाटे बाहेर पडतो का, हे बघा. पोलिओ, रोटाव्हायरस, नोरोव्हायरस, कावीळ अ आणि ई हे सरळ पोटाचे मामले आहेत, त्यामुळे मैलापाण्यात भरपूर मिळतात. कोविड श्वसनाचा असला तरी बऱ्याच रुग्णांच्या शौचात त्याचा आरएनए, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य, असतो. सगळ्यांच्या नसतो, हे लक्षात ठेवा. टायफॉइडचे जिवाणू कमी प्रमाणात आणि अधूनमधून येतात, त्यामुळे त्यांना पकडायची पद्धत वेगळी. ती पुढे सांगते.

नकाशा हातात घ्या, मग पायी फिरा

पालिकेच्या मलनिस्सारण विभागाकडून वाहिन्यांचा नकाशा मागून घ्या. मुंबईत कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप असे सात विभाग आहेत. पुण्यात भैरोबा, नायडू, विठ्ठलवाडी, मुंढवा, बाणेर अशी केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्राकडे कुठल्या भागाचं पाणी येतं, त्यात माणसं किती, हे कागदावर मांडा. पोलिओच्या कामात एका जागेमागे साधारण १ ते ३ लाख लोकवस्ती बरी मानतात. फार मोठं क्षेत्र घेतलं तर एखाद्या वस्तीतला क्षीण संकेत बुडून जातो.

मग नकाशा घडी करून खिशात ठेवा आणि चालायला लागा. कागदावर एक असतं, जमिनीवर दुसरं. कुठे वाहिनी फुटून नाल्यात मिळालेली असते, कुठे नव्या इमारतींचं पाणी भलत्याच दिशेला वळवलेलं असतं. ज्यांच्याकडे सेप्टिक टँक आहे ती माणसं तुमच्या बाटलीत येतच नाहीत. आपल्याकडच्या कितीतरी लहान शहरांत वाहिन्याच नाहीत, सगळं उघड्या नाल्यात जातं. तिथे नाल्यातून नमुना घेता येतो, पण तो ऊन खाल्लेला, पावसाने पातळ झालेला, जनावरांच्या शेणाने मिसळलेला असतो. चालेल, फक्त तशी नोंद करा. आणि ज्या वस्त्या वाहिनीला जोडलेल्या नाहीत त्यांची यादी अहवालात पहिल्याच पानावर द्या. बहुतेक वेळा त्याच वस्त्यांमध्ये आजार आधी पोहोचतो, आणि आपल्या आलेखात त्याच दिसत नाहीत.

कुठे, किती वाजता, किती वेळा

केंद्रावर नमुना घ्यायचा तो आत येणाऱ्या कच्च्या पाण्याचा. कचरा अडवणारी जाळी ओलांडली की लगेच, प्रक्रियेच्या आधी आणि क्लोरीनच्या तर नक्कीच आधी.

वेळ सकाळची. लोक सकाळी शौचाला जातात, आणि ते पाणी तुमच्या जागेपर्यंत पोहोचायला अर्धा तास लागेल किंवा तीन तास. केंद्राच्या नोंदवहीत तासातासाचा प्रवाह लिहिलेला असतो. दोन आठवड्यांची पानं चाळलीत की सकाळचा उंचवटा कुठे येतो ते कळतं. त्या वेळी नमुना घ्या आणि मग ती वेळ बदलू नका.

नमुन्याचे दोन प्रकार आहेत. एकदाच बाटली बुडवून घेतलेला, म्हणजे त्या मिनिटाचा फोटो. किंवा यंत्राने दर तासाला थोडं थोडं घेऊन चोवीस तासांत जमवलेला. दुसरा जास्त भरवशाचा, पण यंत्र महाग आणि त्याला बर्फ, वीज आणि राखण लागते. यंत्र नसेल तर सकाळच्या गर्दीच्या वेळेत दर तासाला पाव लिटर असं चार वेळा घेऊन एकत्र करा.

तिसरा एक जुना मार्ग आहे आणि मला तो फार आवडतो. इंग्लंडमध्ये ब्रेंडन मूर यांनी १९४८ साली पॅराटायफॉइडचे वाहक शोधायला साध्या गॉजच्या घड्या दोरीने गटारात लटकवल्या. दोन-तीन दिवस पाणी त्यातून वाहत राहतं आणि जिवाणू कापडात अडकतात. जिथे सापडले तिथून वाहिनीच्या वरच्या अंगाला एकेक चेंबर मागे जात थेट घरापर्यंत माग काढता येतो. टायफॉइडसाठी हीच पद्धत आजही वापरतात. खर्च एका गॉजच्या गुंडाळीचा आणि नायलॉनच्या दोरीचा. तोटा इतकाच की त्यातून किती पाणी गेलं ते कळत नाही, म्हणून आहे की नाही एवढंच सांगता येतं.

किती वेळा? आठवड्यातून एकदा तरी. साथ चढत असेल तर दोनदा. महिन्यातून एकदा घेतलेल्या नमुन्यावरून कोविडसारख्या वेगाने पसरणाऱ्या रोगाबद्दल बोलू नये.

अंगावर काय, आणि कुठे उतरायचं नाही

मॅनहोलमध्ये उतरायचं नाही. तुम्ही नाही, आणि तुमच्या वतीने दुसरा कुणीही नाही. गटारात हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असला तर सडलेल्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो. आपल्या देशात माणसं यात मरतात, दर वर्षी मरतात, आणि मरणारे कोण असतात हे आपल्याला ठाऊक आहे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांविना कुणालाही गटारात उतरवायला बंदी आहे. दांड्याला बांधलेली बादली किंवा दोरीची बाटली जिथे पोहोचत नाही, ती जागा यादीतून काढून टाका.

चेंबरचं झाकण पालिकेचे कर्मचारीच उघडतील, आणि दोन माणसांहून कमी असतील तर उघडायचं नाही. गमबूट, जाड रबरी हातमोजे आणि आत नायट्राइलचे, चष्मा, मास्क, लांब बाह्यांचा एप्रन. कावीळ अ, टायफॉइड आणि धनुर्वाताच्या लशी आधी घेऊन ठेवा. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर जाऊच नका, लेप्टोचा (साचलेल्या घाण पाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या जिवाणूच्या तापाचा) धोका असतो. परत आल्यावर साबणाने हात, मग चहा. हा क्रम मोडू नका.

बाटली भरताना

सकाळी सातची वेळ. पंपहाऊसवर पोहोचलात की पहिलं काम बाटली काढायचं नाही; ऑपरेटरशी बोलायचं. एकदा मी नेहमीप्रमाणे बादली सोडणार, तेवढ्यात तिथले काका म्हणाले, "ताई, थांबा. रात्री लाइट गेली होती, वरचा पंप आत्ता चालू केलाय. हे खालचं सगळं कालचं साचलेलं पाणी आहे." पाण्याकडे बघून मला ते कळलं नसतं. पाऊण तास थांबले, ताजं पाणी आल्यावर नमुना घेतला. ते काका नसते तर आलेखात एक बिंदू चुकीचा पडला असता आणि त्याचं कारण कुणालाच सापडलं नसतं. त्यामुळे तिथल्या माणसांची नावं माहीत असू द्या, आपण काय करतो आहोत ते त्यांना सांगा.

आता कृती. बाटली १ लिटरची, प्लॅस्टिकची, रुंद तोंडाची, निर्जंतुक. लेबल घरूनच लावून न्या: जागा, तारीख, क्रमांक. ओल्या बाटलीवर पेनाने लिहिलेलं पुसलं जातं. माझे सुरुवातीचे तीन नमुने असेच टाकून द्यावे लागले. पेन्सिलीने लिहून वरून पारदर्शक टेप लावायची. बादली त्याच पाण्याने दोनदा विसळा. पाणी खळाळत असेल तिथे, वरचा फेस आणि तळाचा गाळ टाळून, मधल्या थरातून घ्या. बाटली गच्च भरू नका, दोन बोटं जागा ठेवा. झाकण घट्ट, बाहेरून ब्लीचच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसा, जाड पिशवीत घाला, मग दुसऱ्या पिशवीत.

त्याच जागी उभं राहून लिहायचं: वेळ, पाण्याचं तापमान, पीएच, रंग-वास, काल पाऊस झाला का, प्रवाह किती, पंप कधीपासून चालू. परत येऊन आठवून लिहीन म्हणालात तर ते लिहिलं जात नाही.

आणि एक बाटली शुद्ध पाण्याची सोबत न्या. जागेवर झाकण उघडून बंद करा आणि बाकी नमुन्यांसारखीच वागवा. तिच्यात विषाणू सापडला, तर घोळ आपल्या हातांत आहे हे लगेच कळतं.

थंड पेटी

बर्फाचे जेल पॅक आणि थर्माकोलची किंवा चांगली आइसबॉक्स. ४ अंशांच्या आसपास ठेवायचं, गोठवायचं नाही. गोठवून वितळवलं की विषाणूचं कवच फुटतं आणि आरएनए वाया जातो. शक्यतो २४ तासांत, फार तर ४८ तासांत काम सुरू झालं पाहिजे. मे महिन्यात गाडीच्या डिकीत दोन तास पडलेली बाटली मी तपासायलाही घेत नाही.

प्रयोगशाळेत

इथे सगळं सविस्तर सांगत नाही, ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहे त्यांना पुस्तकी कृती मिळते. वाट अशी आहे. पाण्यात विषाणू फार विरळ असतो, म्हणून आधी तो गोळा करायचा. सर्वांत परवडणारी रीत पीईजी नावाच्या पावडरीची: नमुना सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवून कचरा खाली बसवायचा, वरच्या पाण्यात पीईजी आणि मीठ मिसळायचं, रात्रभर थंडीत ठेवून पुन्हा जोरात फिरवायचं. तळाशी जो इवलासा गोळा बसतो, त्यातून किटने आरएनए काढायचा आणि पीसीआर करायचा, म्हणजे विषाणूच्या जनुकाचा तुकडा पुन्हा पुन्हा दुप्पट करून मोजायचा.

कोविडसारख्या कामात बरेच जण बाटली आधी ६० अंशांवर तासभर तापवतात, म्हणजे हाताळणं सुरक्षित होतं. पोलिओत असं चालत नाही, कारण तिथे जिवंत विषाणू पेशींवर वाढवून बघतात. ते काम ठरावीक मान्यताप्राप्त प्रयोगशाळांचं आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये पोलिओ वाढवायचा प्रयत्न कुणीही करू नये.

दोन तपासण्या मात्र सोडू नका. पहिली, सुरुवातीलाच नमुन्यात माहीत असलेल्या प्रमाणात एक निरुपद्रवी विषाणू घालायचा आणि शेवटी किती परत मिळाला ते बघायचं. यासाठी अनेक जण गुरांच्या लशीतला बोव्हाइन कोरोनाव्हायरस वापरतात. दर वेळी दहा टक्के परत मिळत असेल आणि आज एकच टक्का मिळाला, तर आजचा आकडा वापरू नका. दुसरी, आरएनए दहापट पातळ करून पुन्हा पीसीआर करा. सीटीचा आकडा (किती फेऱ्यांनंतर विषाणू दिसू लागला तो; विषाणू कमी तितका आकडा मोठा) साधारण ३.३ ने वाढायला हवा. तो जेमतेम वाढला किंवा उलट कमी झाला, तर साबण, तेल किंवा गाळातलं काहीतरी पीसीआरला अडवतं आहे. तुम्ही "सापडला नाही" म्हणून लिहाल आणि विषाणू तिथेच असेल.

पावसाचं पाणी आणि मिरचीचा विषाणू

समजा केंद्रात रोज २ कोटी लिटर मैलापाणी येतं, मागे लोकवस्ती २ लाख. लिटरमागे विषाणूच्या जनुकाच्या ५०,००० प्रती मिळाल्या. गुणाकार केला की दिवसाला १ लाख कोटी प्रती, म्हणजे माणशी ५० लाख. दुसऱ्या आठवड्यात धो-धो पाऊस पडला, प्रवाह ४ कोटी लिटर झाला आणि लिटरमागे २५,००० च मिळाल्या. नुसता दुसरा आकडा बघणारा म्हणेल, साथ निम्म्यावर आली. गुणाकार करून बघा: बरोबर तेवढ्याच प्रती, माणशी तेच ५० लाख. म्हणून प्रवाहाची नोंद नसलेला नमुना पावसाळ्यात जवळपास निरर्थक ठरतो. उन्हाळ्यात पाणीकपात झाली की उलट घडतं, मैलापाणी दाट होतं आणि आकडा उगाच फुगतो.

नाल्यावर प्रवाह मोजायची सोय नसते. तिथे एक युक्ती कामी येते. मिरची आणि ढोबळी मिरचीच्या झाडांवर पेपर माइल्ड मॉटल व्हायरस नावाचा विषाणू असतो. माणसाला त्याचा त्रास नाही, पण तिखट, मसाला, सॉस यांतून तो पोटात जातो आणि शौचावाटे प्रचंड संख्येने बाहेर पडतो. साथ असो-नसो, त्याचं प्रमाण बऱ्यापैकी स्थिर राहतं. तोही त्याच नमुन्यात मोजा आणि आपल्या विषाणूला त्याने भागा. पाणी पातळ झालं तर दोन्ही सारखेच पातळ होतात. ठेचा-भाकरी खाणाऱ्या मुलखात तो सापडणार नाही अशी भीती नको.

आलेख वाचताना

एका बिंदूवरून काही बोलू नका. मैलापाण्याचा आकडा आज दुप्पट, परवा निम्मा असा उड्या मारतोच. उभा अक्ष दहाच्या पटीत मांडा आणि तीन नमुन्यांची सरासरी घेऊन रेघ काढा. सलग तीन नमुने चढते असतील तर फोन उचला. "सापडला नाही" याला शून्य म्हणू नका. आपली पद्धत ज्या पातळीपर्यंत पाहू शकते तिच्या खाली आहे, एवढंच त्यातून कळतं.

रुग्ण किती, असा प्रश्न हमखास येईल. ते सांगायचा मोह आवरा. कुणाच्या शौचातून किती विषाणू जातो यात हजारपटींचे फरक असतात. चढतंय का उतरतंय, आणि कुठे, हे सांगता येतं. तेवढंही आरोग्य खात्याला पुरतं.

आपल्या गावाचं कॅलेंडर आलेखाखाली लिहा. दिवाळीत आणि मे महिन्यात अर्धं शहर गावी जातं, गणपतीत कोकणात माणसं वाढतात. माणसंच नसतील तर आकडा उतरणारच. पल्स पोलिओच्या रविवारनंतर मैलापाण्यात लशीतला विषाणू सापडतो, त्याने घाबरायचं कारण नाही. पण तोंडावाटे द्यायच्या लशीतून टाइप २ एप्रिल २०१६ मध्ये काढलेला आहे, त्यामुळे टाइप २ दिसला तर तो कुठून आला हे जनुकीय क्रम लावून शोधावंच लागतं.

कुणाला सांगायचं

पहिला फोन आरोग्य अधिकाऱ्याला, वर्तमानपत्राला नाही. सोबत सांगा की नमुना कधीचा, तपासण्या बरोबर निघाल्या का, आणि तुमच्या मते पुढे काय करावं: लसीकरण राहिलेली मुलं शोधायची, पाण्यातला क्लोरीन तपासायचा, की दवाखान्यांना सावध करायचं.

क्षेत्र जितकं लहान तितकी जबाबदारी मोठी. ऑगस्ट २०२० मध्ये अॅरिझोना विद्यापीठाने एका वसतिगृहाच्या मैलापाण्यात कोविड सापडल्यावर तिथल्या ३११ जणांची तपासणी केली आणि लक्षणं नसलेले दोघे वेळीच सापडले. उपयोग झाला. पण हेच एखाद्या वस्तीचं नाव घेऊन छापलं, तर तिथल्या बायकांना दुसऱ्या दिवशी घरकामावरून परत पाठवतील. मी वस्तीचं नाव जाहीर अहवालात कधीच लिहीत नाही, प्रभागाच्या पातळीवर थांबते. तुम्हीही थांबा. खात्याला पूर्ण माहिती द्या आणि लोकांना सांगायचं ते वस्तीतल्या आशाताईंच्या मार्फत, उपायासकट सांगा.

अहवालाची एक प्रत साध्या मराठीत काढून पंपहाऊसवर नेऊन द्या. आमच्या काकांनी ती प्रवाहाच्या नोंदवहीत घडी करून ठेवली आहे. आता लाइट गेली की पंप किती वाजता बंद पडला ते ते स्वतःहून वहीच्या समासात लिहून ठेवतात.